पहिली मेणबत्ती मी लावू का?

शरणपूररोडची
१७ नोव्हेंबर, रात्री ११.४०

सलाम सगळ्यांना. दोन वर्षं इथे नुसतं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ. प्रश्न एवढासा आहे पण सांगायला पाल्हाळ लागणार, त्याची आधीच माफी.

मी ५१ वर्षांची, नाशिकला एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. पिढीजात ख्रिस्ती, आजीच्या वेळेपासून आमची घरं शरणपूर रोडच्या आसपासच. आमचे हे जूनमध्ये गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर. गेल्या ऑक्टोबरात पाठ दुखते म्हणून मी रोज रात्री बाम चोळून देत होते. नोव्हेंबरात कळलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं.

मधल्या काळात आमच्यासाठी जेवढ्या प्रार्थना झाल्या तेवढ्या नाशिकात पावसासाठीही झाल्या नसतील. व्हॉट्सअ‍ॅपवर साखळी प्रार्थना, दर शुक्रवारी आमच्याच हॉलमध्ये उपवास प्रार्थना, जिन्यात चपलांचे पंचवीस-तीस जोड. मी चहाचं आधण ठेवायची आणि मनात हिशेब चालायचा, एवढी माणसं मागतायत, देव एवढ्यांना नाही कसं म्हणेल? मार्चमध्ये बाहेरगावचे एक उपदेशक आले. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, घरात विश्वास पूर्ण असेल तर हा मनुष्य उठेल.

हा मनुष्य उठला नाही. आता उरलेलं गणित माझ्या वर्गातलं कुठलंही पोर सोडवेल. विश्वास कमी पडला. कोणाचा? त्यांना तर शेवटी शेवटी शुद्धच नव्हती. मग घरात राहिलं कोण?

तर मुद्द्यावर येते. ३० नोव्हेंबरला अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार, नाताळाआधीच्या चार रविवारांतला. आमच्या मंडळीत चार रविवारी चार मेणबत्त्या लावतात, पहिली आशेची. परवा पाळकसाहेब शाळा सुटताना गेटवर उभे. "बाई, यंदा पहिली तुम्ही लावा." मी "बघते" म्हणून रिक्षात बसले. मागच्या रविवारच्या संदेशातही तेच होतं, की आशा ही निवडायची गोष्ट आहे, निराशा सोडा आणि आशा निवडा. अहो, निवडायला ती भद्रकालीच्या बाजारातली मेथी आहे का? ही जुडी नको, ती द्या?

माझ्याकडे ती नाहीये. मी बाकावर बसते, गाणी म्हणते (आवाज चांगला आहे, सवयीने निघतो), प्रार्थनेला डोळे मिटते आणि आत काहीच नसतं. अशा बाईने सगळ्यांसमोर जाऊन आशेची मेणबत्ती लावायची म्हणजे ती खोटी साक्ष नाही का? नवव्या आज्ञेत बसते ती.

आणखी एक, संबंध नाही पण लिहिते. दर शनिवारी शाळेतून आले की खाली जाऊन ह्यांची अ‍ॅक्टिव्हा चालू करते. मला चालवता येत नाही. डबल स्टँडवर पाच मिनिटं चालू ठेवते, बंद करते, वर येते. लेक पुण्याहून म्हणते, आई, विकून टाक. रात्री दोननंतर झोप लागत नाही.

मेणबत्ती लावू की नको, एवढंच सांगा.


आनंदी_सेवक
१८ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

प्रभूची स्तुती असो ताई! यिर्मया २९:११ वाचा. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचेच संकल्प आहेत. रडू नका, भाऊ प्रभूजवळ सुखात आहेत. निराशा सैतानाकडून येते, तिला दारात उभं करू नका. एकवीस दिवस उपवास धरा, मेणबत्ती आनंदाने लावा, आशीर्वाद मिळेल. 🙏


निफाडचा_बागायतदार
१८ नोव्हेंबर, रात्री ९.१५

ताई, सलाम. साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, सोनाका जातीची. दिवसभर बागेत होतो म्हणून उशीर.

आधी सेवकभाऊंच्या वचनाबद्दल बोलतो, कारण ते आमच्याही घरात फ्रेम करून टांगलंय, लग्नात आलेलं. फ्रेममध्ये अकरावं वचन आहे, दहावं नाही. हे वचन एका पत्रातलं. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून धाडलेलं पत्र. त्यात बरोबर आदल्या ओळीत लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. सत्तर! म्हणजे ते पत्र ज्या कर्त्या माणसांसमोर वाचलं गेलं त्यातलं कोणी परत घरी जाणार नव्हतं. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा सांगत फिरत होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना हनन्याच गोड वाटला असणार. तुमच्या हॉलमध्ये मार्चमध्ये आला तो हनन्याच होता ताई, यिर्मया नव्हे.

आता माझं. २०२३ चा २६ नोव्हेंबर, रविवार. छाटणी होऊन पन्नासेक दिवस झालेले, मणी ज्वारीएवढे. दुपारनंतर अवकाळी आला आणि मग गारा. किती वेळ ते घड्याळात बघितलं नाही. थांबल्यावर बागेत गेलो तर पायाखाली पांढरं आणि हिरवं एकत्र, चालताना कर्रकर्र आवाज. घड तुटून पडलेले, काड्या सोललेल्या. बायको बांधावरच थांबली, आत आली नाही. एक एकर पूर्ण गेला, बाकीच्यात अर्धंमुर्धं राहिलं. सोसायटीचं कर्ज होतं ते होतंच.

पुढचा रविवार ३ डिसेंबर. अ‍ॅडव्हेंटचा पहिलाच. समोर आशेची मेणबत्ती लावली आणि मला चक्क हसू आलं. चांगल्या अर्थाने नाही.

त्या आठवड्यात हबक्कूक वाचला. तीनच अध्यायांचं पुस्तक, आपण कोणी उघडत नाही. शेवटी शेवटी तो यादी देतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. ताई, हा तलाठ्याचा पंचनामा आहे! एकेक बाब लिहून काढलीय, काही लपवलेलं नाही, काही फुगवलेलं नाही. आणि पंचनामा पुरा झाल्यावर म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पुढच्या वर्षी पीक येईल म्हणून, असं म्हणत नाही. मी दोनतीनदा शोधलं. नाहीच.

हर्ष मला काही झाला नाही, खोटं का बोलू. पण पंचनामा करायची मुभा बायबलात आहे हे कळल्यावर छातीवरचं काहीतरी हललं. तोवर मला वाटत होतं की ख्रिस्ती माणसाने गारपिटीचीही साक्ष गोड करूनच द्यायची असते.

आणि निवडण्याचं म्हणाल तर यिर्मयाचाच दुसरा किस्सा सांगतो, ३२ वा अध्याय. शहराला शत्रूचा वेढा, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथे त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथची जमीन विकत घे. जिथे शत्रूचं सैन्य बसलंय तिथली जमीन! आणि हा घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, दोन्ही मडक्यात ठेवायला लावतो म्हणजे टिकतील. सातबारा ज्याने कधी काढलाय त्याला हे वाचताना अंगावर काटा येईल. त्या दिवशी यिर्मयाला आतून फार आशादायक वाटत होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट व्यवहार उरकल्यावर तो देवालाच विचारतो, शहर तर पडतंय आणि तू मला जमीन घ्यायला सांगतोस?

म्हणजे सही आधी, शंका नंतर, आणि दोन्ही चालतं.

माझ्या मते लावा. आत आशा आहे म्हणून नाही. खरेदीखत म्हणून लावा. आणि घरी येऊन देवाशी भांडा.


पंचवटीकर
१८ नोव्हेंबर, रात्री १०.५०

मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? बायको इथे पाककृती वाचते, तिने हा धागा दाखवला.

ताई, तुमचं 'विश्वास कमी पडला' वाचलं आणि रामकुंडावरचा दिवस आठवला. वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दीड तास. ऊन वाढत चाललं. एरवी तिथे कावळे माणसांच्या डोक्यावर बसायला कमी करत नाहीत, आणि त्या दिवशी झाडावर बसून बघतायत. मग मागून एका काकांचं सुरू झालं, अण्णांची काही इच्छा राहिली असेल, कोणी काही बोललं होतं का त्यांना, धाकट्याचं लग्न राहिलं. मी मनातल्या मनात कबूल केलं नाही असं काही उरलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि सोडवलं. कितीतरी महिने मला वाटत होतं की मीच त्यांना अडकवून ठेवलंय.

आता वाटतं, कावळ्याचं पोट भरलं असेल. त्या दिवशी तिथे वीस तरी पिंड होते.

धर्म वेगळा, पण मागून बोलणारी माणसं तीच. तुमचे उपदेशक आणि आमचे ते काका एकमेकांना भेटले तर छान जमेल.

बाकी आशेबिशेतलं मला कळत नाही. गाडीतलं कळतं, गॅरेज आहे. आठवड्यातून पाच मिनिटं उभ्या गाडीला पुरत नाहीत, स्टार्टरला जेवढी बॅटरी जाते तेवढीही भरून येत नाही. एक तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, नाहीतर गाडी शिका. अ‍ॅक्टिव्हा आहे, गिअर नाहीत, पन्नाशीत येते. माझी मेव्हणी शिकली.


निवृत्त_सिस्टरबाई
१९ नोव्हेंबर, दुपारी २.२०

मी कॅथलिक, नाशिकरोडला राहते, छत्तीस वर्षं नर्सिंग केलं. पोरी, तुला एकेरीतच लिहिते, वय तेवढं आहे माझं.

आधी बाम. स्वादुपिंड पोटात अगदी मागे, जठराच्या आड असतं. गाठ हाताला लागत नाही, सुरुवातीला लक्षणं जवळपास नसतात, आणि असतात ती अपचन, पाठदुखी अशी, जी आपण प्रत्येकाची बामानेच काढतो. म्हणून तो बहुतेकांच्या बाबतीत उशिरा सापडतो. तू केलंस ते कुठल्याही बायकोने केलं असतं. मी नर्स असून माझ्या नवऱ्याच्या पाठीला आधी बामच लावला असता. विश्वासाचा तर ह्यात काडीचा संबंध नाही. वॉर्डात मी मोठे मोठे प्रार्थना करणारे गेलेले बघितलेत आणि देवाला शिव्या घालणारे डबा घेऊन घरी गेलेले बघितलेत.

दुसरं, तू लिहिलेल्या सगळ्यात मला सगळ्यात मोठी गोष्ट दिसली ती झोप. दोननंतर झोप नाही, किती महिने? जेवतेस का? वजन उतरलंय का? मेलेल्या माणसाचं दुःख आणि आजार हे दोन वेगळे असतात, पण एकाच घरात राहायला लागले की ओळखू येत नाहीत. डॉक्टरला दाखव. आणि रात्री अगदीच जड झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. देवाला न सांगता लाव, तो रागावणार नाही.

एलियाची गोष्ट तुला माहीत असेल. रतामाच्या झुडपाखाली पडला आणि म्हणाला, पुरे, आता माझा प्राण घे. मोठा संदेष्टा, आदल्याच अध्यायात आकाशातून अग्नी पाडलेला. देवदूत आला तर त्याने उपदेश नाही केला. उठवलं आणि निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं. तो खाऊन परत झोपला. झोपू दिलं! दुसऱ्यांदा उठवलं, परत खायला दिलं, म्हणाला वाट तुला झेपण्यासारखी नाही. देव बोलला तो चाळीस दिवसांनंतर. माझ्या हिशेबाने ही पहिली नर्सिंग ड्यूटी.

एकवीस दिवस उपवास? सेवकभाऊ, रात्रपाळीला असते तर तुम्हाला ओरडले असते.

मेणबत्तीचं मला काही कोडं वाटत नाही. फेब्रुवारीत बाल येशूच्या यात्रेला ये एकदा. लाखांनी माणसं असतात, ख्रिस्ती किती आणि बाकीची किती देव जाणे. मेणबत्त्या घेऊन रांगेत उभी असतात, त्यातली निम्मी रडत असतात. मेणबत्ती विकणारा कोणाला विचारत नाही, बाई आशा आहे का, मगच देतो.


शरणपूररोडची
१९ नोव्हेंबर, रात्री ११.१०

सगळं दोनदा वाचलं. सिस्टर, वजन उतरलंय. शनिवारी डॉक्टरकडे जाते, वचन देते.

पंचवटीकर, कावळ्याचं वाचून मी हसले आणि मग बराच वेळ रडले. दोन्ही खूप दिवसांनी.

निफाडचे दादा, तुम्ही लिहिलेलं सगळ्यात आवडलं आणि सगळ्यात जास्त रागही तुमचाच आला. तुमच्या बागेला पुन्हा फूट आली असेल. ३२ व्या अध्यायातल्या जमिनीचा पुढे कोणीतरी उपयोग केला असेल. माझा माणूस एप्रिलात फुटणार आहे का? पन्नास दिवसांनी ज्वारीएवढा होणार आहे का? शेतकऱ्याच्या आशेला पुढचा हंगाम असतो. माझ्या आशेला कसला हंगाम?


निफाडचा_बागायतदार
२० नोव्हेंबर, पहाटे ५.३०

बरोबर आहे ताई. उत्तर नाही माझ्याकडे. मी बागेपुरतंच बोलू शकतो आणि बाग म्हणजे माणूस नव्हे.

एकच सांगून फवारणीला जातो. पुढच्या वर्षीचा घड कधी तयार होतो माहितीये? ऑक्टोबरला छाटल्यावर दिसतो तो, पण बनतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, नव्या काडीच्या डोळ्यात, उन्हाळ्यात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून बघतात तेव्हा कळतं आत घड आहे की नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा. २०२४ च्या एप्रिलमध्ये खिशात दमडी नसताना मी त्या न दिसणाऱ्या घडाला खत-पाणी घातलं. आशा वाटत होती म्हणून नव्हे. तेव्हा नाही घातलं तर ऑक्टोबरात छाटून उपयोग नसतो म्हणून. माझ्यापुरती आशा म्हणजे तेवढंच काम होतं.

पौल पुनरुत्थानाबद्दल लिहितो तेव्हा दाण्याचा दाखला देतो. पेरतो ते नुसतं दाणा असतो, उगवतं ते वेगळंच. तुमच्या हंगामाबद्दल बायबल सांगतं ते एवढंच आणि तेवढं मोठं. ते मला पटलेलं आहे, पण ते तुमच्या गळी उतरवायचा मला हक्क नाही. माझी बायको अजून आहे.


जुना_नाशिककर
२० नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

मी मराठी शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे विषयांतराची सवय आहे, सांभाळून घ्या.

बाईंनी वय ५१ लिहिलं आणि मला एकदम लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. जन्म १८६८, इथल्याच जलालपूरचा. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ह्या नवऱ्यापासून पाचेक वर्षं लांब राहिल्या, लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, मग १९०० मध्ये स्वतःच्या वाटेने ख्रिस्ती झाल्या. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. म्हणजे लक्ष्मीबाई तेव्हा साधारण ५१ च्याच. टिळकांचं 'ख्रिस्तायन', येशूच्या चरित्राचं काव्य, थोडेच अध्याय होऊन राहिलेलं. बाकीचं, आणि ते बाकीचं फार मोठं होतं, ह्या बाईंनी पुरं केलं. जिला शाळा अशी मिळालीच नाही तिने ओवीत. आत्मचरित्र तर १९३४ पासून पुस्तकरूपात येऊ लागलं, आणि १९३६ मध्ये त्या नाशिकातच गेल्या. आपण ज्या लक्ष्मीबाईंना ओळखतो त्यांचं बहुतेक लिखाण विधवेने लिहिलेलं आहे. आणि त्यात किती हशा आहे! देवावर भरवसा आहे म्हणून त्यांनी एकाही दुःखाला साखर लावलेली नाही.

दुसरं शरणपूरचं. आपण रिक्षावाल्याला 'शरणपूर रोड' म्हणून सांगतो आणि विसरतो. मिशनने ही वस्ती १८५४ च्या सुमारास वसवली. पुढे अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवायचे, त्यातली बरीच इथे आणली. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषा नाही. इथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. इंग्रजी कागदपत्रांत 'नासिक बॉइज' असाच त्यांचा उल्लेख येतो. त्यातला जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी-संशोधक लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा ह्याने प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि सोबत्यांबरोबर ते शव हजार मैलांवर चालत किनाऱ्याला आणलं. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफन झालं तिथे शवपेटीबरोबर हा नाशिकला शिकलेला मुलगा होता. त्याच दशकात इथली बरीच मंडळी मोंबासाजवळ फ्रेरे टाउनला गेली, नव्याने सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी करायला. ज्या किनाऱ्यावरून त्यांना विकून नेलं तिथेच.

ती मुलं सुतारशाळेत रंधा मारत होती तेव्हा त्यांच्या मनात आशा होती की नव्हती, कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. रंधा मारला एवढं खरं.


आनंदी_सेवक
२१ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

ताई, माझं चुकलं. सिस्टर ओरडल्या ते बरोबर.

मी तुम्हाला 'रडू नका' लिहिलं. काल योहान ११ वाचत होतो. लाजर मेलेला, येशूला माहीत आहे की थोड्याच वेळात तो त्याला हाक मारून कबरेतून बाहेर काढणार. तरी तिथे दोन शब्दांचं वचन आहे. येशू रडला. उठणार हे ठाऊक असून रडला. पौलसुद्धा थेस्सलनीकरांना शोक करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. इतकी वर्षं वाचतोय, हा फरक कधी दिसला नव्हता.

आमचा मुलगा २०१९ ला गेला. बाईकवर, १९ वर्षांचा. मी तेव्हापासून सगळ्यांना वचनं पाठवतो, सकाळी सहाला. थांबलो तर काय होईल याची भीती वाटते म्हणून पाठवतो. हे घरी कोणाला बोललो नाहीये.


निवृत्त_सिस्टरबाई
२१ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

सेवकभाऊ, तो १४४१६ तुमच्यासाठी पण आहे. आणि ८८ वं स्तोत्र वाचा दोघांनी. बाकी विलापाची स्तोत्रं शेवटाला जरा वर येतात, हे येत नाही, अंधारातच संपतं. तरी पवित्र शास्त्रात ठेवलंय.


शरणपूररोडची
३० नोव्हेंबर, रात्री ९.४५

सगळ्यांनी विचारलं म्हणून लिहिते. लावली.

पाळकसाहेबांना एक अट घातली होती, की आधीचा पाठ मी निवडणार. त्यांना वाटलं यशया वगैरे असेल. मी ८८ वं स्तोत्र वाचलं, पूर्ण. शेवटच्या ओळीनंतर थांबले. देवळात एवढी शांतता की मागे कोणाच्या तरी बाळाची चोखणी पडलेली ऐकू आली. मग काडी ओढली. दमट होती, विझली. दुसरी मोडली. तिसरी पेटली पण वात मेणात बुडालेली, शेवटी संडेस्कूलच्या एका मोठ्या पोराने हेअरपिनने वात वर काढून दिली. (हेअरपिन माझीच.) एवढं सगळं समोर उभं राहून. घामाघूम झाले.

आत काही उजळलं वगैरे नाही. फक्त परत येऊन बसल्यावर हात मेणाचे झाले होते आणि तो वास मला आवडला, लहानपणीच्या नाताळचा. उपासनेनंतर बायका चहाला थांबतात तिथे कोणी काही बोललं नाही. एक जण, जिच्याशी माझं फारसं नाही, ती शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ते स्तोत्र कितवं होतं, लिहून दे. तिचं काय आहे मला माहीत नाही. मी बातमीपत्राच्या मागे ८८ लिहून दिलं.

सिस्टर, डॉक्टरांनी गोळी दिलीय. आता साडेचारपर्यंत झोप लागते. सेवकभाऊ, सकाळी सहाला मला पाठवत जा, मी जागीच असते, आणि वचन नसलं तरी चालेल, नुसतं सलाम पाठवा. निफाडचे दादा, तुमचा राग गेला. एप्रिलात बाग बघायला येऊ का? न दिसणारी.

पंचवटीकर, काल लेक आली होती, तिने मला ईदगाह मैदानावर नेलं. ब्रेक आणि रेस मी एकदमच पिळते. एकदा गाडी अंगावर घेतली, गुडघा सोलला, इंडिकेटरची काच गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. एक विचारायचं होतं. ह्यांचं हेल्मेट मला सैल होतं, मान हलवली की ते जागेवरच राहतं. नवीन घ्यायचं नाहीये. आतला स्पंज जाड बसवून मिळतो का तुमच्याकडे?